पाहुणी वाटेत आहे

देश झाल्याची बातमी आली तेव्हा विसाल अंगणात बसून ताडपत्र्या धूत होती. दोन वर्षं माळ्यावर पडून उंदरांनी त्यांना भोकं पाडली होती, आणि कुबट वास असा की शेळीसुद्धा लांबून गेली. जैतुनाची तोडणी तोंडावर आली होती. झाडाखाली अंथरायची ताडपत्री धड नसेल तर निम्मं फळ मातीत जातं, म्हणून तिचा सगळा जीव त्या भोकांत अडकला होता. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता, मुहन्नद. तो इंग्लंडात, लीड्सच्या एका इस्पितळात नर्स आहे, आणि अशा अवेळी कधी फोन करत नाही.

"आई! ऐकलंस का? दिली मान्यता! पॅलेस्टाईन देश आहे म्हणाले, जाहीर म्हणाले!"

"कोण म्हणालं?"

"इकडचं सरकार गं! कॅनडापण, ऑस्ट्रेलियापण. उद्या फ्रान्स देतंय. आई, मी रडतोय इथे. आमच्या वॉर्डातल्या बायकांनी मला मिठ्या मारल्या."

विसालने नळ बंद केला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"जेवलास का?"

"आई!"

"ऐकलं रे बाबा. चांगलं झालं. मग आता खालचं गेट उघडतील का?"

मुहन्नद समजावणीच्या सुरात म्हणाला, "तसं लगेच नाही होत आई. पण ही सुरुवात आहे."

"बरं. जेवून घे."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, पोराचं मन राखायला आवाजात थोडा आनंद घालायला हवा होता. पण आनंद कुठून आणायचा? तिला काही वाटतच नव्हतं. लुत्फी, तिचा नवरा, युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात गेला. छातीत कळ आली, गावाच्या तोंडाशी असलेलं लोखंडी गेट बंद होतं, आणि डोंगरावरून वळसा घालून नेईपर्यंत गाडीतच संपला. तेव्हाही ती रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का आहे, येईल रडू. ते आलंच नाही. गाझातली प्रेतं टीव्हीवर पाहिली तेव्हाही नाही, आणि नातेवाइकांच्या वरातीत ढोलक वाजली तेव्हाही पाय हलला नाही. दात काढण्याआधी सुई टोचतात, तसं सगळं अंग बधिर होऊन बसलं होतं.

संध्याकाळी जौदतने गावभर पाकातला कुनाफा वाटला. जौदत म्हणजे लुत्फीचा धाकटा भाऊ, विसालचा दीर, आणि गावच्या कौन्सिलचा अध्यक्ष. परदेशी पाहुणा दिसला की या माणसाच्या अंगात येतं. कौन्सिलच्या भिंतीवर त्याचे आणि नाना देशांच्या वकिलातींतल्या साहेबांचे फोटो टांगलेत, आणि प्रत्येकात जौदत साहेबापेक्षा जास्त हसतोय. तो कढईसारखी मोठी परात घेऊन दारोदार फिरला. त्याच्यामागे त्याची बायको सुभिया तोंड वाकडं करून चालत होती.

"घ्या वहिनी, तोंड गोड करा. इतिहास घडलाय!" जौदत म्हणाला.

"घे गं ताई," सुभिया म्हणाली. "शंभर वर्षांपूर्वी ज्या इंग्रजांनी आपलं घर परस्पर दुसऱ्याला कबूल केलं, त्यांना आज आपण दिसायला लागलो. नंबर वाढला असेल चष्म्याचा."

"तुझी जीभ म्हणजे कात्री आहे नुसती."

"आणि तुमची म्हणजे पाक. गाझावर उडणाऱ्या विमानांचे सुटे भाग अजून तेच विकतात ना? मग वाटा, वाटा. वरून पिस्तं जरा जास्त घाला."

विसालने तुकडा तोंडात टाकला. गोड होता. मग ती पुन्हा ताडपत्र्यांकडे वळली.

कारण तिच्यापुढे खरा प्रश्न होता तो खल्ल्याचा. खल्ला म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, रस्त्यापलीकडे, दोन टेकड्यांच्या बेचक्यातली लुत्फीच्या आजोबांनी लावलेली जैतुनाची बाग. वरच्या टेकडीवर आता जमीन बळकावून बसलेल्या वसाहतवाल्यांच्या पत्र्याच्या खोल्या आणि मेंढ्यांचा वाडा होता. ज्या ऑक्टोबरात युद्ध पेटलं, त्या वर्षी बागेत कोणालाच जाऊ दिलं नाही. दुसऱ्या वर्षी जे परवानगीशिवाय गेले ते डोकी फुटून परत आले. हा तिसरा हंगाम. रामल्लाहचा वकील फायेक याने तिला समोर बसवून सांगितलं होतं, तुर्कांच्या काळचा एक कायदा आहे, तो इथल्या लष्करी कारभाराने जपून ठेवलाय. जमीन लागोपाठ तीन वर्षं पडीक राहिली की ती सरकारजमा. सरकार कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. "या हंगामात बागेत हात लागला पाहिजे," फायेक म्हणाला होता. "आणि हात लागल्याचा पुरावा पाहिजे. फोटो, व्हिडिओ, काहीही. मालक झाडावर काम करताना दिसला पाहिजे. नाहीतर मी कोर्टात काय दाखवू, तुमचं प्रामाणिक तोंड?"

खूप खेटे घातल्यावर लष्करी कार्यालयाने परवानगी दिली ती एका दिवसाची. ऑक्टोबरातला एक गुरुवार, सकाळपासून दुपारी चारपर्यंत, फक्त कुटुंबातली माणसं.

जौदत एका संध्याकाळी लगबगीने आला तो उंबऱ्यावरच बोलायला लागला. "वहिनी, गुरुवारचं जमवलं! वाणिज्यदूत बाई येताहेत आपल्याबरोबर. ज्यांनी आत्ता मान्यता दिली ना, त्यांच्यापैकीच. बागेत येणार, आपल्याबरोबर तोडणी करणार."

"त्यांना कशाला त्रास?"

"त्रास? अहो, त्या शेजारी उभ्या असल्यावर टेकडीवरून एक दगड येईल का? कोणाची छाती होईल? मागच्या वर्षी अबू वाजदीच्या डोक्याला किती टाके पडले, विसरलात?"

विसाल विसरली नव्हती. म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली. पुढे जे झालं त्याचा दोष कोणी जौदतच्या माथी मारू नये. त्या दिवशी सगळ्या गावाला हे शहाणपणाचंच वाटलं होतं.

गुरुवारी उजाडताच विसाल, जौदत आणि सुभिया अशी तिघं गाढवावर शिड्या, पोती आणि ताडपत्र्या लादून निघाली. गेटवरच्या सैनिकाने ओळखपत्रं पाहिली, आणि बागेच्या वाटेवर उभी असलेली जीप बाजूला झाली.

बाग ओळखू येत नव्हती. गवत कमरेएवढं, आळी बुजलेली, दगडी बांध दोन ठिकाणी ढासळलेला. पण झाडं! दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता आणि यंदाचं पीक असं आलं होतं की फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. सुभियाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. विसालने पहिल्या झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि वाट पाहिली. काहीच आलं नाही. बुंधा खरखरीत होता, इतकंच.

त्यांनी ताडपत्र्या अंथरल्या, शिडी लावली. विसालने बाह्या वर केल्या आणि जौदत म्हणाला, "जरा थांबा वहिनी. पाहुणी निघाली आहे रामल्लाहून. आत्ता फोन झाला. पहिली फांदी तिच्या हातून, असा मी शब्द दिलाय."

"अहो अध्यक्षसाहेब," सुभिया म्हणाली, "पहिली फांदी ठेवा त्यांना बाजूला. आम्ही दुसरीपासून लागतो."

जौदतने विसालकडे पाहिलं. आणि इथे विसालने ती चूक केली, जी तिच्या मुलखाबाहेर दुसऱ्या कोणी केली नसती. तिला थांबवलं ते जौदतने नाही. तिच्या आईने, सासूने आणि साऱ्या हयातीने थांबवलं. पाहुणा वाटेत असताना ताटाला हात लावायचा नाही, कामाला भिडायचं नाही, घामाने डबडबलेल्या अंगाने दारात जायचं नाही. पाहुणा येईल तेव्हा यजमानाने हात धुऊन, रिकामं होऊन, त्याच्यासाठीच बसल्यासारखं बसलेलं असावं. लुत्फी असता तर त्यानेही हेच केलं असतं.

"थांबू या," विसाल म्हणाली. "पाहुणी वाटेत आहे. बरं दिसत नाही."

मग त्यांनी चूल पेटवली. मरमियाची सुगंधी पानं घालून चहा केला. भाकरी, झातरची पूड, चीज असं कापडावर मांडून ठेवलं आणि झाकलं. पाहुणीच्या आधी कोण खाणार?

फोन आला. पहिल्या नाक्यावर गाड्या अडवल्यात, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ऊन बांधावरून खाली उतरलं. पुन्हा फोन. आता दुसऱ्या नाक्यावर, कागद तपासताहेत. सुभिया उठबस करत होती.

"ताई, ऐक माझं. लाग तोडायला. येतील तेव्हा येतील."

"आता पोचतीलच गं."

"तुझी पाहुणी तिकडे अडकलीय आणि तुझा दिवस इकडे चाललाय. कळतंय का तुला?"

विसालला कळत होतं. कळत होतं, पण ते डोक्यातून हातांपर्यंत पोचत नव्हतं. हात मांडीवर पडून होते. अंथरलेल्या ताडपत्र्यांवर चार-दोन पिकलेली फळं आपणहून पडली होती, ती तिने उचलून डोक्यावरच्या ओढणीच्या पदरात घेतली आणि कॉफीची भांडी पुन्हा एकदा पुसली.

दुपार उलटल्यावर तीन पांढऱ्या गाड्या आल्या. त्यांतून वाणिज्यदूत बाई उतरल्या, उंच, उन्हाने लाल झालेल्या, आणि मनाने खरोखर चांगल्या. त्यांना उशिराची लाज वाटत होती. त्यांनी पाठ केलेल्या अरबीत विसालला सांगितलं, "तुमच्या नवऱ्याबद्दल कळलं, फार वाईट वाटलं." मग विसालचे दोन्ही हात हातात घेतले. बरोबर एक दुभाष्या, कॅमेरेवाले, आणि निळी जॅकेटं घातलेले चार रक्षक होते.

आता पाहुणी आली म्हटल्यावर कॉफी आलीच. वेलदोड्याची कॉफी, मग भाकरी, मग पुन्हा चहा. जौदतने भाषण केलं. बाईंनीही केलं. त्यांच्या सरकारचं धोरण आता बदललंय, दोन देश शेजारी शेजारी नांदावेत ही त्यांची भूमिका आहे, आणि आज त्या पॅलेस्टाईन नावाच्या देशात पाहुण्या म्हणून उभ्या आहेत, असं दुभाष्याने सांगितलं. विसाल ट्रे घेऊन फिरत होती. शेवटी बाईंनी बाह्या सरसावल्या, पहिली फांदी वाकवली आणि मूठ ओढली. फळं ताडपत्रीवर टपटपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबतात तोच टेकडीवरून मेंढ्या खाली यायला लागल्या आणि त्यांच्यामागे चारचाकी मोटारसायकलवर बसलेली दोन माणसं. पाठोपाठ जीप आली. अधिकाऱ्याला उत्तम अरबी येत होतं. त्याने कागद काढून दाखवला. बागेत फार गर्दी झालीय, संघर्षाची शक्यता आहे, हा भाग आता बंद लष्करी क्षेत्र. सगळ्यांनी निघायचं.

"यांच्याकडे चारपर्यंतची परवानगी आहे!" वाणिज्यदूत बाई म्हणाल्या.

"परवानगी कुटुंबाला होती, मॅडम. तुम्ही कुटुंबातल्या का?" अधिकारी अदबीने म्हणाला.

बाईंचा चेहरा आणखी लाल झाला. त्या भांडल्या, अगदी मनापासून भांडल्या. आपल्या राजधानीत फोन लावला. तिकडे कोणी जेवायला गेलं होतं, कोणी बैठकीत होतं. सगळे कॅमेरे अधिकारी आणि बाई यांच्यावर रोखलेले होते, जौदतचा मोबाइलसुद्धा. तेव्हा विसाल मागच्या झाडाशी गेली आणि तोडायला लागली. दोन्ही हातांनी, फांदीवरून मूठ ओढत, पाल्यासकट, मिळेल ते पदरात. ना घाई, ना राग. यंत्र चालावं तशी ती चालत होती. एक पदर भरला आणि एका पोरगेल्या सैनिकाने येऊन हाताने खूण केली, चला आजी.

घरी येऊन तिने ते फळ मिठात घातलं. तेल काढण्याइतकं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जौदतने पुन्हा परवानगीसाठी फोन केला. उत्तर आलं, तुमच्या कुटुंबाला यंदाचा दिवस दिला होता आणि तुम्ही तो वापरला. नोंद आहे. हे सांगताना जौदत पहिल्यांदाच हसत नव्हता. वकिलातीने निषेधाचं पत्रक काढलं. त्यात "तीव्र चिंता" असे शब्द होते.

"सौम्य चिंता काढली असती तर झाडं रुसली असती," सुभिया म्हणाली.

फायेक वकिलाकडे तिघंही गेली. त्याने विचारलं, फोटो? फोटोंना काय तोटा! वकिलातीच्या पानावर चाळीसेक फोटो होते आणि हजारो लोकांनी ते पाहिले होते. मुहन्नदने तर लीड्सहून फोन करून सांगितलं होतं, "आई, तुझा फोटो आमच्या अख्ख्या वॉर्डात फिरला." फायेकने चष्मा लावला आणि एकेक फोटो बोटाने सरकवत गेला. वाणिज्यदूत बाई फांदी वाकवताना. वाणिज्यदूत बाई मूठ ओढताना. वाणिज्यदूत बाई ओंजळीत जैतून धरून. जौदत टाळ्या वाजवताना. विसाल ट्रे घेऊन. विसाल किटली घेऊन. सुभिया भाकरी वाढताना. सकाळचे दोन फोटो जौदतने काढलेले, त्यांत तिघंही ताडपत्रीवर मांडी घालून चहा पिताहेत.

"हे पाहून कोर्ट म्हणेल सहलीला गेला होतात," फायेक म्हणाला.

"नंतर मी तोडलं," विसाल म्हणाली. "पदरभर."

"त्याचा फोटो?"

फायेकने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"बाई, चाळीस फोटोंत झाडाला हात लावलेली बाई एकच आहे. आणि ती जमिनीची मालकीण नाही."

"पाहुणी आली होती," विसाल म्हणाली. "काय करायचं होतं मी?"

फायेकने घंटी वाजवून तिघांसाठी कॉफी मागवली. मग म्हणाला, "मीही किटलीच उचलली असती. पण हंगाम संपेपर्यंत तुमचा एक फोटो आणा मला. चेहरा आणि झाड एकात. कसा आणाल ते मला सांगू नका."

नोव्हेंबर लागला. गावात तेलाच्या घाण्या बंद व्हायला आल्या. विसालने दुकानातून तेलाची बाटली आणली. लग्न होऊन या घरात आल्यापासून विकतचं तेल पहिल्यांदाच आलं होतं, आणि तिने त्यातच टोमॅटो परतले. चव वेगळी लागली. त्याचंही काही वाटलं नाही.

आणि एके दिवशी जौदत पुन्हा उंबऱ्यावर. कानाला फोन, दुसरा हात फोनच्या तोंडावर. "वहिनी, त्याच बाई आहेत. त्यांना झोप लागत नाही म्हणे त्या दिवसापासून. तुमच्या घरी येऊन माफी मागायचीय. बागेतला फोटो चौकटीत घालून आणताहेत. कधी येऊ देत?"

"नको म्हणा," विसाल म्हणाली.

जौदतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"येऊ नका म्हणावं."

"वहिनी! पाहुण्याला नको? लुत्फीच्या घरातून?" त्याचा चेहरा उतरला. फोनवरचा हात बाजूला झाला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून इंग्रजीत बाहेर पडलं, "वेलकम, मॅडम! मोस्ट वेलकम! घर तुमचंच आहे. मंगळवारी? मंगळवार उत्तम!"

विसालने वाद घातला नाही. ती आत जाऊन मसूर निवडायला बसली. संध्याकाळी सुभिया मागच्या दाराने आली, आणि इतकी हळू बोलली की हीच का ती सुभिया असं वाटावं.

"ताई, एक सांगू? त्या पांढऱ्या गाड्या गावात शिरल्या ना, की खाली बागेच्या वाटेवरची जीप त्यांच्या मागोमाग वर येते. मागच्या महिन्यात ते दुसरे साहेब आले होते तेव्हाही आली. बाई गावात असेपर्यंत ती चौकातच उभी असते. पहारा देते, का पाळत ठेवते, देवाला ठाऊक. पण वाट मोकळी असते."

विसालने मसुराचं ताट खाली ठेवलं.

"पाहुणी माझ्या घरी येतेय, सुभिया."

"म्हणूनच सांगतेय."

"मी घरात नसणार? पाहुणी येऊन बसणार आणि मी नसणार?"

"तुझा दीर आहे ना. हसेल की तो दोघांच्या वाटचं."

मंगळवारी विसालने सकाळीच सगळं केलं. घर झाडून घेतलं, गाद्यांवर धुतलेले अभ्रे चढवले. मकलूबा भात शिजवून पातेलं कापडात गुंडाळून ठेवलं, म्हणजे ऊन राहील. कॉफी कुटून डब्यात भरली, फुलांचे कप ट्रेमध्ये मांडले, साखर शेजारी. जौदतला सांगितलं, जरा सुभियाकडे जाऊन येते. गाड्यांचे हॉर्न चौकात वाजले, जीप घरघरत वर गेली, आणि दोघी जावा एक रिकामं पोतं घेऊन मागच्या उतरणीवरून कुंपणं ओलांडत खाली पळाल्या. पळाल्या म्हणजे काय, या वयात जेवढं पळता येतं तेवढं.

बागेत खालच्या फांद्या कोणीतरी आधीच लुटून नेल्या होत्या. त्या दिवशी घाईत मागे राहिलेली एक ताडपत्री फाटून काट्यांत अडकली होती. वरच्या फांद्यांवर फळ काळं पडून सुरकुतलं होतं, पण होतं. विसाल बांधावर चढली, तिथून फांदी ओढली आणि तोडायला लागली. सुभियाने मोबाइल धरला.

"इकडे बघ ताई. चेहरा दिसला पाहिजे म्हणालाय तो."

विसालने मान वळवली. फांदी हातात, फळं बोटांत.

"काढला. अजून एक. व्हिडिओपण काढते, तू तोडत राहा."

टेकडीवर मेंढ्यांच्या घंटा वाजल्या. सुभियाने वर पाहिलं आणि ओठ चावला. तेवढ्यात विसालच्या कमरेला फोन थरथरला. जौदत. तो थांबला, पुन्हा थरथरला. मग सुभियाचा.

"बाई बसल्यात म्हणे," सुभियाने वाचून सांगितलं. "विचारताहेत तू कुठे आहेस. साखर सापडत नाहीये त्याला. समोर ठेवली असेल. चल ताई, झालं आपलं काम. फोटो मिळाला."

पण विसाल बांधावरून उतरली नाही. तिच्या डोळ्यांपुढे तिचं घर आलं. धुतलेले अभ्रे, त्यावर ती लाल चेहऱ्याची बाई ताठ बसलेली, मांडीवर चौकट, आणि नजर आतल्या दाराकडे. यजमानीण आत्ता येईल, आत्ता येईल. या घरात असं कधी झालं नव्हतं. दुष्काळात नाही, कर्फ्यूत नाही, लुत्फीच्या मयताच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशीही तिने स्वतः उठून कॉफी दिली होती.

आणि तिला लाज वाटली. कानशिलं तापवणारी लाज. बाई वाईट नव्हती. तिला झोप लागत नव्हती. ती घरी आली होती, आणि आपण तिला एकटं बसवून मागच्या दाराने पळालो होतो, चोरासारखं, आपल्याच झाडांकडे. दोन वर्षांत विसालला पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं, आणि ते हे होतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नवऱ्यासाठी न आलेलं, इतके दिवस कुठे दडून बसलेलं कोण जाणे, ते आता थांबेना.

"ताई, अगं रडतेस काय? चल ना. येताहेत ते टेकडीवरचे."

"पोतं धर," विसाल म्हणाली.

"ताई!"

"पोतं धर म्हणते ना. पाहुणी बसू दे जरा."

सुभियाने पोतं धरलं. घंटा जवळ येत होत्या. विसालने नाक बाहीला पुसलं, वरची फांदी खाली ओढली आणि दोन्ही हातांनी फळं काढत राहिली.